नऊ जणांचं ऑफिस: गूगल घ्यावं की मायक्रोसॉफ्ट?

सांगलीकर
आमचं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे, नऊ माणसं. आत्तापर्यंत सगळं ज्याच्या त्याच्या जीमेलवर नाहीतर पेनड्राइव्हवर. मागच्या महिन्यात एक मुलगा नोकरी सोडून गेला आणि चाळीस क्लायंटच्या शीट त्याच्याच खात्यावर राहिल्या, फोन करून करून एकेक मागवून घ्यावी लागली, रिटर्नच्या तारखा डोक्यावर असताना. आता पैसे भरून नीट काहीतरी घ्यायचंय. माझा कल गूगल वर्कस्पेसकडे, म्हणजे गूगलचं ऑफिससाठीचं मेल, शीट, ड्राइव्ह एकत्र. एका शीटवर चौघं एकदम बसतात, चुकलं तर कालची आवृत्ती परत आणता येते आणि पोरांना ते येतंच. विरोध असेल तर कारणासकट सांगा.

हिशेबनीस
माझा स्पष्ट विरोध. कर सल्लागाराचं ऑफिस मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलशिवाय चालत नाही हो. जीएसटीआर ९, म्हणजे जीएसटीचं वार्षिक रिटर्न, त्याची पोर्टलवरची ऑफलाइन युटिलिटी (माहिती भरायची फाइल) मुळातच मॅक्रोवाली, म्हणजे आत छोटे प्रोग्राम असलेली एक्सेल फाइल आहे, ती गूगल शीटमध्ये चालणार नाही. तुमचे स्वतःचे मॅक्रो असतील तर तेही ॲप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे गूगलच्या प्रोग्राम लिहायच्या सोयीत, पहिल्यापासून लिहा. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, गूगलला अख्ख्या फाइलमध्ये मिळून १ कोटी सेल, म्हणजे ४० कॉलमचं लेजर अडीच लाख ओळींत संपलं, आणि त्याच्या बरंच आधी फाइल रांगायला लागते. चौघांनी एकदम काम करायचं तर फाइल वनड्राइव्हवर, मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन जागेत, ठेवा, एक्सेलमध्येही होतं.

सांगलीकर
युटिलिटी वर्षातून एकदा. त्यासाठी दोन मशीनवर एक्सेल ठेवीन. उरलेल्या सात जणांचं रोजचं काम म्हणजे कोणाचं रिटर्न भरलं, कोणाची बिलं यायचीत, कोणाला फोन करायचा. त्याला दहा लाख ओळी कुठे लागतात?

डीटीपीवाला
तुमची जुनी मराठी पत्रं, नोटिसांची उत्तरं कुठल्या फॉन्टमध्ये आहेत ते आधी बघा, हे कोणीच विचारत नाही. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल गूगल डॉक्समध्ये उघडली की नुसतं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं, कारण फाइलच्या आत मराठी अक्षर नसतंच, फॉन्ट त्याला मराठी रूप देतो आणि डॉक्समध्ये तो फॉन्ट टाकता येत नाही. मशीनवर फॉन्ट असेल तर वर्डमध्ये नीट दिसतं. गूगलवर जाणार असाल तर आधी युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठीच दिसणारी पद्धत) करून घ्या, कन्व्हर्टर आहेत पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, रक्कम अक्षरी लिहिलेली असेल तिथे तर दोनदा.

मुक्तस्रोत
दोन्हीकडे भाडं माणशी आहे आणि ते संपत नाही. लिब्रेऑफिस, वर्ड-एक्सेलसारखंच, २०१० पासून आहे, फुकट आहे. ऑनलाइनच हवं असेल तर चेन्नईच्या झोहोचं बघा, मेल, शीट, फाइल ठेवायची जागा, सगळं एकत्र मिळतं.

हिशेबनीस
लिब्रेऑफिस पत्राला चांगलंय, मी वापरतो. पण क्लायंटची एक्सेल त्यात उघडून सेव्ह करून परत पाठवली की कधी फॉरमॅट हलतो, कधी मॅक्रो चालत नाही आणि समोरच्याला वाटतं आपण बिघडवली.

आयटी सपोर्ट
तुमचं दुखणं कंपनी बदलून जाणार नाही, फाइल कोणाच्या नावावर आहे तिथे आहे. गूगल घेतलंत तर क्लायंटचं सगळं शेअर्ड ड्राइव्ह म्हणजे ऑफिसच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवा, तिथली फाइल संस्थेची असते, माणूस गेला तरी राहते. मायक्रोसॉफ्ट घेतलंत तर तशीच सामाईक जागा म्हणजे शेअरपॉइंट. कोणी सोडून गेलं की खातं उडवायच्या आधी त्याच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर करा.
आणि सिंक, म्हणजे सगळ्या मशीनवर तीच फाइल आपोआप येणं, हा बॅकअप नव्हे. एकाने फोल्डर उडवलं की नऊही मशीनवरून उडतं, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, त्यापुढे २५ दिवस ॲडमिनला परत आणता येतं, मग गेलं. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) चालू डेटा फोल्डर सिंकमध्ये टाकू नका, बिघडू शकतो, टॅलीचा बॅकअप काढून तो चढवा. क्लायंट प्रायव्हेट लिमिटेड असतील तर त्यांच्या हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, २०२२ पासून नियमच आहे.

सांगलीकर
शेअर्ड ड्राइव्ह माहीत नव्हतं, धन्यवाद. मी गूगलच घेतोय, एक्सेल दोनऐवजी तीन मशीनवर.

हिशेबनीस
तरी माझं मत तेच. एक करा, एक्सेल रोज कितीजण उघडतात ते आठवडाभर मोजा. चारच्या वर निघाले तर दोन्हीकडे भाडं भरू नका.