विंडोज ११: अपडेट रीस्टार्टनंतर मागे फिरतं, एरर ८००एफ०९२२

सुटा_स्क्रू

घरचा डेस्कटॉप, विंडोज ११, व्हर्जन २४एच२. महिन्याचं क्युम्युलेटिव्ह अपडेट नीट डाउनलोड होतं, इन्स्टॉलही १०० टक्के होऊन रीस्टार्ट मागतं. रीस्टार्टनंतर आकडा थोडा पुढे सरकतो, मग मशीन पुन्हा एकदा बंद-चालू होतं, बदल मागे घेत असल्याचा संदेश येतो आणि आपण जुन्याच बिल्डवर. अपडेट हिस्टरीत ०एक्स८००एफ०९२२ दिसतो.

करून झालेलं: सेटिंग्जमधला ट्रबलशूटर (म्हणे काही दोष सापडला नाही), सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन फोल्डर रिकामा केला, एसएफसी स्कॅन (विंडोजच्या फाइल्सची तपासणी) चालवला, तो स्वच्छ निघाला. सी ड्राइव्हवर १४० जीबी मोकळे आहेत. विंडोज जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर क्लोन केलेलं आहे. व्हीपीएन नाही, अँटिव्हायरस विंडोजचाच.

फॉरमॅट मारून सगळं नव्याने टाकायचं नाहीये. दुसरा मार्ग आहे का?

---

रात्रपाळी

आधी एक ठरवा: अपडेट कुठल्या टप्प्यावर पडतंय. उपाय त्यावर अवलंबून असतो, आणि लोक नेमकं तेच सोडून यादीतले सगळे उपाय एकापाठोपाठ करत सुटतात.

डाउनलोडच होत नसेल तर भानगड नेटवर्कची किंवा अपडेटच्या कॅशची. ८००७२ईई२ म्हणजे सर्व्हरकडून वेळेत उत्तर आलं नाही. ८००७२एफ८एफ आला तर आधी घड्याळ बघा. तारीख चुकलेली असली की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्रच अमान्य ठरतं, आणि मदरबोर्डवरची बटण बॅटरी संपलेल्या मशीनवर हे हमखास होतं.

डाउनलोड झालं पण रीस्टार्ट मागण्याआधीच पडलं, तर संशय कंपोनंट स्टोअरवर, म्हणजे विंडोज फोल्डरातल्या विनएसएक्सएसवर, जिथे विंडोजच्या फाइल्सचा साठा असतो. तिथे ८००७३७१२ किंवा ८००एफ०८१एफ येतात. पहिल्याचा अर्थ स्टोअर बिघडलंय, दुसऱ्याचा अर्थ दुरुस्तीसाठी लागणारी मूळ फाइल सापडत नाही. ८००७००७० म्हणजे सरळसरळ डिस्क भरली.

रीस्टार्टनंतर पडत असेल, जसं तुमचं, तर ड्रायव्हर, बूट फाइल्स किंवा पार्टिशनमधली जागा. व्हर्जन बदलताना सी१९००१०१ ने सुरू होणारा कोड आला तर बहुतेकदा ड्रायव्हर.

सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन रिकामं करणं हा पहिल्या टप्प्याचा उपाय आहे. तुमचं डाउनलोड व्यवस्थित होतंय, त्यामुळे त्याने फरक पडणार नव्हताच. नुकसान काही नाही, फक्त अपडेट पुन्हा उतरवावं लागलं असेल.

आता सी:\विंडोज\लॉग्ज\सीबीएस मधली सीबीएस डॉट लॉग ही फाइल डेस्कटॉपवर कॉपी करून नोटपॅडमध्ये उघडा. जागच्या जागी उघडायला गेलात तर कधी कधी परवानगी नाकारली जाते. तळापासून वर ८००एफ०९२२ शोधा आणि त्याच्या आधीच्या वीस-तीस ओळी वाचा. शेवटी दिसणारा कोड हा नुसता निरोप असतो, खरं कारण वर असतं. फाइल फार छोटी वाटली तर जुना मजकूर त्याच फोल्डरात सीबीएसपर्सिस्ट नावाच्या कॅब फाइलमध्ये गेलेला असेल.

---

कळफलक

एसएफसी स्वच्छ आला म्हणून स्टोअर ठीक आहे असं धरू नका. एसएफसी चालू फाइल्स स्टोअरशी ताडून बघतो, स्टोअरचीच तपासणी डिझम करतं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये:

डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ

(इथे कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना रोमन अक्षरांत, ड्राइव्हची अक्षरंही तशीच.)

६२.३ टक्क्यांवर बराच वेळ अडकल्यासारखं दिसतं, खिडकी बंद करू नका. संपल्यावर एसएफसी पुन्हा चालवा. क्रम हाच ठेवा, आधी डिझम, मग एसएफसी, कारण एसएफसी दुरुस्तीच्या फाइल्स स्टोअरमधूनच उचलतो.

डिझमला ८००एफ०८१एफ आला तर त्याच व्हर्जनची आणि त्याच भाषेची आयएसओ (विंडोजची अख्खी इन्स्टॉल डिस्क एका फाइलमध्ये) डबल क्लिक करून माउंट करा आणि आतली इन्स्टॉल फाइल /सोर्स म्हणून द्या, सोबत /लिमिटॲक्सेस. मीडिया क्रिएशन टूलने बनवलेल्या आयएसओत विमऐवजी ईएसडी फाइल असते, मार्ग लिहिताना तेवढं बघा. आत एकापेक्षा जास्त आवृत्त्या असतात, होम, प्रो वगैरे. /गेट-विमइन्फोने आपला इंडेक्स नंबर काढून घ्या, चुकीचा दिलात तर तोच एरर परत.

एवढ्यानेही नाही झालं तर आयएसओतलं सेटअप चालू विंडोजमधूनच चालवायचं आणि "फाइल्स आणि ॲप्स ठेवा" निवडायचं. फॉरमॅट न करता विंडोज नव्याने बसतं.

---

तळघर

कळफलक यांनी सांगितलेलं डिझम करून बघायला हरकत नाही, पण सेटअपवर लगेच उडी मारू नका. प्रश्नातले दोन तपशील वेगळंच सांगतायत: कोड ८००एफ०९२२, आणि जुन्या डिस्कवरून केलेला क्लोन. माझा संशय ईएफआय पार्टिशनवर, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइल्स ठेवलेल्या डिस्कच्या छोट्या वेगळ्या भागावर आहे. ते भरलेलं असेल तर सेटअपही तिथेच आपटेल, सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन (संदेशात त्यालाच हे नाव असतं) अपडेट करता आलं नाही असं सांगून. सेटअप त्या पार्टिशनचा आकार वाढवत नाही, असलेलंच वापरतो.

अपडेट फक्त सी ड्राइव्हवर लिहितं असं नाही. बूट मॅनेजर (विंडोज सुरू करणारा प्रोग्राम) बदलायचा असला की त्याच्या फाइल्स ईएफआय पार्टिशनवर जातात. सिक्युअर बूटची (सही तपासूनच बूट होऊ देणाऱ्या सोयीची) २०११ ची प्रमाणपत्रं २०२६ मध्ये संपतात, म्हणून बूट मॅनेजर २०२३ च्या सहीवर नेणं चालू आहे, म्हणजे त्या पार्टिशनला हात लागणारच. विंडोज सेटअप ते पार्टिशन सहसा १०० एमबीचं करतं. क्लोन करताना तोच आकार जशाच्या तसा येतो, एसएसडी कितीही मोठी असो.

आता गंमत अशी की डिस्क मॅनेजमेंट ईएफआय पार्टिशन नेहमी १०० टक्के मोकळं दाखवतं. त्यावर विश्वास ठेवू नका. खरी जागा अशी बघा, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून:

माउंटव्हॉल एस: /एस
डिर एस:\ /एस /ए

पहिल्या कमांडने पार्टिशनला एस अक्षर मिळतं (एस आधीच वापरात असेल तर दुसरं घ्या). फाइल एक्सप्लोररमधून ते उघडणार नाही, ॲडमिन प्रॉम्प्टमधूनच बघावं लागतं. दुसरीच्या शेवटच्या ओळीत किती बाइट मोकळे ते येईल. लॉगमध्ये ८००एफ०९२२ च्या वर कुठे ०एक्स७० दिसला तर पक्कं झालं, तो "डिस्कवर जागा नाही" चा कोड. मायक्रोसॉफ्टच्या सूचनेत किमान १५ एमबी मोकळे करायला सांगितलंय. तुमचे आकडे इथे टाका.

---

सुटा_स्क्रू

डिझम पूर्ण झालं, दोष नाही. लॉगमध्ये बूट फाइल्ससंबंधीच्या ओळीत ०एक्स७० आहे.

एस: वर मोकळे जेमतेम २ एमबी! ईएफआय फोल्डरात तीन फोल्डर: मायक्रोसॉफ्ट, बूट, आणि एक मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या नावाचा. त्या तिसऱ्यात १६-१६ एमबीच्या चार बिन फाइल्स आहेत. मायक्रोसॉफ्ट आणि बूट मिळून ३० एमबीच्या आत-बाहेर. त्या बिन फाइल्स उडवून टाकू?

---

तळघर

उडवू नका, आधी हलवा. त्या बायोसच्या (मदरबोर्डवरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रामच्या, म्हणजे फर्मवेअरच्या) प्रती असणार. १६ एमबी हा बायोस चिपचा नेहमीचा आकार आहे. काही मशीनवर बायोस अपडेट अर्धवट राहिलं तर फर्मवेअर ह्याच फोल्डरातून स्वतःला सावरतं. त्यामुळे पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी करा आणि अपडेट चढेपर्यंत फक्त जुन्या तारखेच्या फाइल्स काढा, सर्वांत नवी राहू द्या. तेवढ्याने ४८ एमबी सुटतील, तुमचं काम त्यात भागतं.

ज्यांच्याकडे असा फोल्डर नाही त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेला उपाय म्हणजे बूट फॉण्ट काढणं:

सीडी /डी एस:\ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\फॉण्ट्स
डेल *.*

विचारेल, वाय दाबायचं. पण एंटर मारण्याआधी प्रॉम्प्टवर खरंच फॉण्ट्स फोल्डर दिसतोय ना ते डोळ्यांनी वाचा. एक फोल्डर वर राहून हीच कमांड दिलीत तर बूट मॅनेजरच जाईल आणि मशीन उठणार नाही. फॉण्ट्समधल्या सर्वांत जड फाइल्स चिनी (दोन), जपानी आणि कोरियन लिपींच्या असतात, विंडोज सुरू व्हायला त्यांची गरज नाही. पुढे बीसीडीबूट (बूट फाइल्स नव्याने लिहिणारी कमांड) चालवलंत तर फॉण्ट परत येतात, तेव्हा ही जागा कायमची सुटली असं समजू नका.

काम झाल्यावर माउंटव्हॉल एस: /डी देऊन अक्षर काढून टाका. ते पार्टिशन रोज उघडं ठेवायचं कारण नाही.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का तेही बघा. फॉण्ट किंवा बिन फाइल काढल्याने ते सहसा अडत नाही, पण बूट मॅनेजर बदलल्यावर कधी कधी मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी: ने ती दिसते. कागदावर उतरवून घ्या, त्याच मशीनवर सेव्ह करून उपयोग नाही.

---

कळफलक

सेटअपबद्दलचं म्हणणं मान्य, ईएफआय भरलेलं असताना त्याचा उपयोग नाही. पण मग पार्टिशनच मोठं का करत नाही? दर वेळी फाइल्स मोजत बसण्यापेक्षा बरं.

---

तळघर

बोलायला सोपं आहे. ईएफआयच्या मागे १६ एमबीचं एमएसआर (विंडोजने राखून ठेवलेलं पार्टिशन), आणि त्याच्या मागे लगेच सी. डिस्कपार्ट सी ला शेवटाकडून आक्रसतो, सुरुवात सरकवत नाही. म्हणजे मोकळी झालेली जागा सी च्या पलीकडे येते आणि ईएफआयला मिळत नाही. बाहेरची पार्टिशन टूल सी ची सुरुवात सरकवतात, पण त्यासाठी सगळा डेटा हलतो. मध्येच वीज गेली तर संपलं. पूर्ण डिस्क इमेज दुसऱ्या डिस्कवर घेतल्याशिवाय करूच नये. ४८ एमबी दोन मिनिटांत सुटत असताना हा खटाटोप मी सुचवणार नाही.

मोठं करायची खरी संधी नव्या डिस्कवर विंडोज टाकताना असते. सेटअपमध्ये शिफ्ट+एफ१० दाबून डिस्कपार्ट उघडायचं, डिस्क निवडून क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी, मग क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=३००, आणि ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून बाहेर यायचं. उरलेली रिकामी जागा सेटअपला दाखवली की बाकीची पार्टिशन तो करतो. क्लीन ही कमांड निवडलेली अख्खी डिस्क पुसते, त्यामुळे लिस्ट डिस्कमध्ये आकार बघून खात्री करा. दोन डिस्क असतील तर दुसरीची केबल काढून ठेवलेली उत्तम.

---

सुटा_स्क्रू

तीन जुन्या बिन फाइल्स पेन ड्राइव्हवर नेल्या, ४९ एमबी मोकळे दिसले. अपडेट एका रीस्टार्टमध्ये चढलं, बिल्ड नंबर बदलला. फॉण्ट काढावे लागले नाहीत.

एक उपप्रश्न. डिस्कच्या शेवटी ५०० एमबीचं रिकव्हरी पार्टिशनही आहे. तेही असंच भरतं का?

---

रात्रपाळी

भरतं, पण कोड वेगळा येतो. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० साठी केबी५०३४४४१ आलं होतं. रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळे नसले की ते ८००७०६४३ देऊन पडायचं. तो कोड खरं तर "इन्स्टॉल करताना गंभीर चूक" एवढंच सांगतो, जागेचं नावही काढत नाही, त्यामुळे लोक भलतीकडेच शोधत बसले.

तुमचं पार्टिशन सी च्या लगेच मागे आहे, हे बरं. ते वाढवायला सी शेवटाकडून आक्रसलेला चालतो. आधी रीएजंटसी /इन्फो ने बघा, रिकव्हरी एनेबल्ड आहे का आणि कुठल्या पार्टिशनवर. मग रीएजंटसी /डिसेबल. ह्याने विनआरईची (रिकव्हरीच्या विंडोजची) इमेज सी वर परत येते, आणि ही पायरी चुकवून पार्टिशन डिलीट केलंत तर इमेजही गेली. त्यानंतर डिस्कपार्टमध्ये सी निवडून श्रिंक डिझायर्ड=२५० मिनिमम=२५०, रिकव्हरी पार्टिशन निवडून डिलीट पार्टिशन ओव्हरराइड, मग सलग मोकळ्या झालेल्या जागेत नवं. जीपीटी डिस्कवर नव्या पार्टिशनला रिकव्हरीचा खास टाइप आयडी आणि ॲट्रिब्यूट द्यावे लागतात. ते दोन्ही मायक्रोसॉफ्टच्या सूचनेतूनच कॉपी करा, हाताने टाइप करू नका, एक अंक चुकला की पार्टिशन साध्या ड्राइव्हसारखं अक्षर घेऊन एक्सप्लोररमध्ये दिसायला लागतं. शेवटी एनटीएफएस फॉरमॅट आणि रीएजंटसी /एनेबल.

पण अपडेट चढतंय तोवर हे करायची गरज नाही. आणि ती चौथी बिन फाइल आहे तिथेच असू द्या. बायोस अपडेट केलंत की कंपनीचं टूल त्या फोल्डरात नवी प्रत टाकेल, त्यानंतर एकदा एस: माउंट करून मोकळी जागा बघा.