मदत हवी आहे: बाळाच्या क्रोशे ब्लँकेटच्या दोन्ही कडा आत येत चालल्या आहेत

निळी_लोकर
नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीला पहिले बाळ होणार आहे आणि त्या बाळासाठी मी क्रोशाचे ब्लँकेट विणायला घेतले आहे. माझ्या हातात आता जेमतेम तीन आठवडे उरले आहेत. २८ ओळी झाल्यावर काल ते पलंगावर पसरून पाहिले, तेव्हा ते चौकोनी दिसेना. दोन्ही कडा तिरप्या होऊन आत येत आहेत. टाके मी मोजूनच घातले होते, त्यामुळे चूक मोजणीत नाही. ओढून सरळ करून पाहिले, पण सोडले की पुन्हा तसेच होते. हे कशामुळे होते आणि आहे त्यातच दुरुस्त कसे करायचे, एवढेच मला हवे आहे. काम थांबले आहे, म्हणून कृपया लवकर सांगावे.

सुती_दोरा
ताई, एवढ्या माहितीवर निदान करणे कठीण आहे. वीण कोणती आहे, म्हणजे उभे टाके कोणते: सर्वात बुटके मुके खांब, मध्यम उंचीचे अर्धे खांब की उंच पूर्ण खांब? सुई किती मि.मी.ची आणि लोकर कोणती आहे? सुरुवातीची बाजू अरुंद आहे की आत्ता विणत आहात ती? आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, ओळ संपल्यावर काम वळवताना किती साखळ्या (एकात एक ओढलेले साधे फास) घालता आणि पुढच्या ओळीचा शेवटचा खांब नेमका कशात घालता?

जुनी_सुई
एवढे प्रश्न विचारायची गरज नाही, कारण हा आजार मी तीस वर्षांच्या विणकामात शेकडो वेळा पाहिला आहे. पायाची साखळी, म्हणजे जिच्यावर पहिली ओळ विणतात ती फासांची रांग, घट्ट झाली की ब्लँकेटचा आकार बिघडतो. साखळी नेहमी एक माप मोठ्या सुईने घालावी, म्हणजे खांबांसाठी ५ मि.मी.ची सुई असेल तर साखळीसाठी ५.५ किंवा ६ मि.मी.ची घ्यावी, आणि पहिल्या ओळीपासून मूळ सुईवर यावे. मी माझ्या दोन्ही मुलींची ब्लँकेटे याच पद्धतीने विणली आणि त्यांच्या कडा अजूनही सरळ आहेत.

निळी_लोकर
सुई ५ मि.मी.ची आहे आणि लोकर मध्यम जाडीची अ‍ॅक्रिलिक आहे. वीण साधी आहे, सगळे पूर्ण खांब. साखळी घट्ट झालेली नाही, कारण सुरुवातीची कड ८० सें.मी. भरते आणि आत्ताची ओळ ६२ सें.मी. भरते. उंची ३५ सें.मी. झाली आहे. आता तरी कोणी उपाय सांगेल का?

सुती_दोरा
म्हणजे खालची बाजू रुंद आहे आणि वरची अरुंद. पायाची साखळी घट्ट असती तर याच्या नेमके उलट झाले असते. जुनी_सुई यांचा सल्ला चुकीचा नाही, पण तो या दुखण्यावरचा नाही.

जुनी_सुई
मग हात घट्ट होत गेला असेल. घाई असली, मनावर ताण असला की दोरा बोटावर आवळला जातो आणि ओळी आक्रसतात. काही दिवस थोड्या मोठ्या सुईने विणून पाहावे.

सुती_दोरा
हात घट्ट झाला तर खांब बारीक होतात, पण त्यांची संख्या बदलत नाही, त्यामुळे याचा निकाल मोजणीनेच लागेल. निळी_लोकर, कृपया अठ्ठाविसाव्या ओळीतले खांब मोजून सांगा, आणि पहिल्या ओळीत किती होते तेही सांगा. वळवण्याच्या साखळ्यांबद्दलच्या माझ्या प्रश्नाचे उत्तरही अजून राहिले आहे.

कापड_कात्री
अशा वेळी मी मागून सुती अस्तर लावते. कड कशीही असली तरी अस्तर सरळ कापून घ्यावे, चारही बाजूंनी टाचण्या लावून हाताने शिवावे, म्हणजे पुढचा भाग त्याच्या मापात बसतो. अस्तराचे कापड कापण्यापूर्वी एकदा धुवून वाळवून घ्यायला मात्र विसरू नये. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि अ‍ॅक्रिलिक लोकर तितकी आटत नाही, म्हणून न धुतलेले अस्तर लावले तर पहिल्याच धुण्यानंतर पुढचा भाग फुगून वर येतो.

सुती_दोरा
अस्तराने १८ सें.मी.चा फरक झाकता येत नाही. एवढे ओढून बसवले तर खांब फाकतील.

निळी_लोकर
मोजले, तीन वेळा मोजले. पहिल्या ओळीत १२० खांब आहेत आणि अठ्ठाविसाव्या ओळीत ९३. मी टाके मोजून घातले असे लिहिले होते ते पहिल्या ओळीबद्दल होते; त्यानंतर मोजायची गरज मला वाटली नव्हती, कारण प्रत्येक खांबात एक खांब घालत होते. वळवताना ३ साखळ्या घालते आणि कृतीत सांगितल्याप्रमाणे पहिला खांब सोडून दुसऱ्यापासून सुरुवात करते. शेवटचा खांब मागच्या ओळीच्या शेवटच्या खांबात घालते. यात चूक कुठे आहे?

समीकरण
१२० मधून ९३ गेले की २७ उरतात, आणि पहिल्या ओळीनंतर आपण बरोबर २७ ओळी विणल्या आहेत. म्हणजे हात घट्ट झालेला नाही, दर ओळीत नेमका एक टाका हरवतो आहे. आपण दिलेल्या मापांवरूनही तेच दिसते: १२० खांबांना ८० सें.मी. म्हणजे १० सें.मी.त १५ खांब, आणि ९३ खांबांना त्याच हिशेबाने ६२ सें.मी. आपली वीण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी पडली आहे, ही खरे तर चांगली गोष्ट आहे.

सुती_दोरा
आता सगळे स्पष्ट झाले. वळवताना घातलेल्या ३ साखळ्या हाच नव्या ओळीचा पहिला खांब असतो, म्हणून त्याखालचा खांब सोडायचा असतो, आणि ते आपण बरोबर करता. मात्र परत येताना त्या ३ साखळ्यांच्या डोक्यावरही एक खांब घालावा लागतो, आणि तोच आपल्याकडून राहतो आहे. आपण ज्याला मागच्या ओळीचा शेवटचा खांब समजता तो शेवटून दुसरा असतो. ओळ एकदा या टोकाला संपते आणि एकदा त्या टोकाला, म्हणून दोन्ही कडा सारख्याच तिरप्या होतात.

हा टाका डोळ्यांना सहज दिसत नाही. तीन साखळ्यांचा तो बारीक खांब कडेला थोडा बाहेर झुकलेला असतो, इतर खांबांसारखे त्याचे डोके ठसठशीत नसते, आणि काम वळवलेले असल्याने साखळीची मागची, गाठीसारखी बाजू आपल्याकडे येते. त्यामुळे तो कडेचा सैल दोराच वाटतो. मी सुरुवातीला एक युक्ती करत असे: वळवताना तिसरी साखळी घातली की लगेच तिच्यात दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा लहान तुकडा अडकवायचा. परत आल्यावर तो तुकडा जिथे दिसेल तिथेच, साखळीचे दोन पदर सुईवर घेऊन, शेवटचा खांब घालायचा आणि तुकडा काढून पुढच्या टोकाला वापरायचा.

चार_बोटे
माझे मत वेगळे आहे. तीन साखळ्यांना खांब मानण्याची पद्धतच मुळात त्रासदायक आहे, कारण साखळी खांबापेक्षा बारीक असल्याने कडेला भोके दिसतात. मी वळवताना २ साखळ्या घालते, त्यांना अजिबात मोजत नाही, पहिल्या खांबातच पहिला खांब घालते आणि शेवटी साखळ्यांना हातही लावत नाही. कड अधिक भरीव येते. शिवाय आपली कृती ब्रिटिश आहे की अमेरिकन, हे आधी तपासावे. अमेरिकन कृतीतला डबल क्रोशे म्हणजे आपला पूर्ण खांब, तर ब्रिटिश कृतीतला डबल क्रोशे म्हणजे मुका खांब; ब्रिटिश लोक पूर्ण खांबाला ट्रेबल म्हणतात. या गोंधळात पुष्कळ लोक फसतात.

सुती_दोरा
वळवायला ३ साखळ्या सांगितल्या आहेत, यावरूनच ती वीण पूर्ण खांबाची आहे हे कळते. मुक्या खांबाला एक साखळी पुरते. त्यामुळे तो प्रश्न इथे नाही. आपली पद्धत चांगली आहे, भोकांबद्दलही आपण बरोबर सांगता. पण दोन पद्धतींची सरमिसळ झाली की दर ओळीत एक टाका कमी होतो किंवा वाढतो, म्हणून एकच पद्धत धरून शेवटपर्यंत जावे.

निळी_लोकर
कारण समजले, मनापासून आभार. पण म्हणजे २७ ओळी उसवायच्या? दुसरा काहीच मार्ग नाही का?

जुनी_सुई
एवढे काम उसवू नका. असाच दुसरा तुकडा विणा आणि दोन्ही तुकडे रुंद कडेने एकमेकांना जोडा. माप पूर्ण होईल आणि शिवणही मधोमध शोभेल.

समीकरण
तसे जोडले तर मध्यभागी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता असा सहा बाजूंचा आकार होईल. अरुंद कडेने जोडले तर कमरेत बारीक होईल. चौकोन कोणत्याही प्रकारे मिळणार नाही.
निळी_लोकर, आपल्या मापांत १० सें.मी. उंचीला ८ ओळी बसतात. ७२ ओळी घेतल्या तर ८० बाय ९० सें.मी.चे ब्लँकेट होते. रोज ४ ओळी म्हणजे ४८० खांब विणले तर १८ दिवसांत ते पूर्ण होईल, आणि काठासाठी ३ दिवस उरतील.

जुनी_सुई
आकाराचा हिशेब मला मान्य आहे, तेव्हा उसवणेच योग्य ठरेल. मग उसवलेल्या लोकरीबद्दल सांगते. ती नागमोडी होते आणि तशीच विणली तर खांब वेडेवाकडे दिसतात. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून तिची लडी करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यातून काढून सावलीत टांगावी. इस्त्री चुकूनही फिरवू नये. गरम इस्त्रीखाली अ‍ॅक्रिलिक लोकर कायमची निर्जीव आणि लोळागोळा होते. पहिली ओळ बरोबर आहे, तेव्हा ती ठेवावी.

पहाटवारा
विषय थोडा वेगळा आहे, पण बाळाची वस्तू आहे म्हणून लिहिणे आवश्यक वाटते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की पहिल्या वर्षात बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटे पांघरूण ठेवू नये. हे ब्लँकेट बाळ जागे असताना, मोठ्यांच्या नजरेसमोर वापरावे, हे बहिणीला आवर्जून सांगा. दोऱ्यांची टोकेही नीट आत ओवून घ्या, कारण सुटा दोरा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊ शकतो.

निळी_लोकर
पाच दिवसांनी लिहीत आहे. परवापर्यंत उसवणे, धुणे आणि वाळवणे झाले. उसवताना हात जड झाला होता, हे कबूल करते. कालपासून पुन्हा सुरू केले असून पहिल्या ओळीवर अकरा ओळी झाल्या आहेत, आणि बाराही ओळींत १२० खांब आहेत. लाल दोऱ्याचा तुकडा दोन्ही टोकांना आलटून पालटून लावते. वेळ कमी उरल्यामुळे रोज ६ ओळी विणायचे ठरवले आहे, म्हणजे आणखी दहा दिवसांत ७२ होतील. पहाटवारा यांचा निरोप बहिणीला कळवला आहे. आता शेवटचा प्रश्न: बाजूने मुक्या खांबांचा काठ घालताना प्रत्येक ओळीच्या टोकाला किती मुके खांब घालायचे?

चार_बोटे
एका खांबाच्या ओळीला दोन मुके खांब, हा सर्वसाधारण नियम आहे.

समीकरण
नियमाप्रमाणे ७२ ओळींना १४४ होतील. पण मुका खांब आपल्या पूर्ण खांबाइतकाच रुंद पडला, म्हणजे १० सें.मी.त १५ बसले, तर ९० सें.मी.ला १३५ पुरतात. म्हणून दर ८ ओळींत १६ ऐवजी १५ घालावेत, म्हणजे सात ओळींना दोन-दोन आणि आठव्या ओळीला एक. जास्त घातले तर काठाची झालर होते. हीच गोष्ट दायना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये मुद्दाम उपयोगात आणली: ठरावीक प्रमाणात टाके वाढवत जाऊन त्यांनी क्रोशाने अतिवलयी प्रतल, म्हणजे कडेकडे झालरीसारखे पसरत जाणारे पृष्ठ, विणले, जे कागदाने नीट करून दाखवणे फार अवघड होते. आपल्याला मात्र सपाट काठ हवा आहे.

जुनी_सुई
आणि चारही कोपऱ्यांत एकाच जागी तीन मुके खांब घाला, नाहीतर कोपरे आत वळतील.