ऑफशोअर जिगिंग: स्प्लिट रिंग उघडते, लीडर गाठीपाशी कापला जातो. जिगची बांधणी नेमकी कशी असावी?

खडपावरचा
देवगडच्या बाहेर ३५ ते ४५ मीटर पाण्यात, खडपावर (खडकाळ तळावर) जिगिंग चालू आहे, म्हणजे जिग हे जड धातूचं आमिष खाली सोडून हिसके देत वर ओढणं. ब्रेड (विणलेली मुख्य दोरी) पीई ३ जाडीची, तिच्या पुढचा लीडर ६० पौंड फ्लुरोकार्बनचा, जिग १०० ते १५० ग्रॅम, ड्रॅग (ज्या ताणाला रील दोरी सोडते) ६ किलो. तळाला हेकरू आणि तांबोशी, मधल्या पाण्यात सुरमई. सध्या लीडर क्लिंच गाठीने थेट स्प्लिट रिंगला (किल्लीच्या कडीसारखी दुवेढी कडी) बांधलाय, त्याच रिंगमध्ये असिस्ट हूक (आखूड दोरीवर लोंबणारा हूक) आणि जिग. शेपटीला जिगसोबत आलेला ट्रेबल (तीन टोकांचा हूक) तसाच आहे. मासा दोन प्रकारे सुटतो: एकतर रिंग ताणून उघडते, नाहीतर लीडर गाठीपाशी कापला जातो. रिंग मोठी घेऊ की गाठ बदलू? आणि सुरमईसाठी वायर लावली तर जिगची चाल बिघडेल का?

दर्यावाट
रिंग मोठी घेऊन भागणार नाही, जोडणीच बदलावी लागेल. तुमच्या बांधणीत माशाचा सगळा ताण स्प्लिट रिंगवरून जातो. ही रिंग म्हणजे दोन वेढ्यांची तार, दोन्ही टोकं मोकळी. मासा डोकं झटकतो तेव्हा १५० ग्रॅमचं शिसं आडवे हिसके देतं, रिंग फिरते आणि गाठ सरकत तारेच्या टोकाशी येते. तिथे फ्लुरोकार्बन कापलं जातं.

लीडर सॉलिड रिंगला (जोड नसलेली अखंड कडी) बांधा. असिस्टच्या दोरीचा फास त्याच सॉलिड रिंगमध्ये ओवा, हूक फासातून काढून आवळा. मग स्प्लिट रिंगने सॉलिड रिंग आणि जिगचा डोळा जोडा. आता ताण लीडर, सॉलिड रिंग, दोरी, हूक असा सरळ जातो आणि स्प्लिट रिंगवर जिगचाच भार राहतो. ती उघडली तर जिग जाईल, मासा हुकालाच राहील.

या वजनाला साधारण ५ किंवा ६ नंबरची रिंग लागते, पण नंबर कंपनीगणिक बदलतात. पाकिटावरचे पौंड बघा, १०० च्या खाली घेऊ नका. जिगच्या डोळ्यात साचलेला रंग खरवडून काढा, रिंग तिथे सैल फिरली पाहिजे. रिंग उघडायला स्प्लिट रिंगची पक्कडच वापरा. चाकूच्या टोकाने उघडलेल्या रिंगचे वेढे परत नीट मिटत नाहीत. वेढ्यांत फट दिसली की ती रिंग फेकून द्या.

जाड लीडरवर क्लिंच पूर्ण आवळला जात नाही आणि ताण आला की सरकतो. ४ वेढ्यांची युनी किंवा सॅन दिएगो जॅम गाठ घाला. गाठ ओली करून हळूहळू आवळा, कोरडी ओढली तर फ्लुरोकार्बन घासून तापतं आणि तिथेच कमजोर होतं.

गरीवाला
दर्यावाट यांच्याशी सहमत. पण शेपटीचा ट्रेबल आधी काढा, खडपात तो अडकतोच. शिवाय मासा त्यावर लागला की ताण जिगच्या अंगातून दोन्ही स्प्लिट रिंगवर येतो, म्हणजे वर सॉलिड रिंग असूनही उपयोग शून्य.

असिस्टची लांबी फार महत्त्वाची. जिग उभी धरल्यावर हूक जिगच्या वरच्या एक तृतीयांशापर्यंत यावा, जास्तीत जास्त अर्ध्यापर्यंत. त्याहून लांब झाला तर जिग खाली पडताना तो लीडरला गुंडाळतो किंवा शेपटीत अडकतो. हुकाचा जबडा जिगच्या अंगापेक्षा रुंद हवा, नाहीतर हूक जिगलाच मिठी मारून बसतो आणि मासा लागत नाही. या वजनाला ३/० ते ५/० चालतात, बारीक लांब जिगला त्यातला लहान.

असिस्ट घरी करायचा असेल तर २०० पौंडाची पोकळ विणीची दोरी घ्या. फास करून सुईने टोक दोरीच्याच पोटात किमान ३ सेंमी ओढा. हे केलं नाही तर फास ताणाखाली सरकतो. दोरी हुकाच्या डोळ्यातून घेऊन दांड्यावर ठेवा, बारीक ब्रेडचे २० घट्ट वेढे द्या, वरून ग्लूचा एकच थेंब, मग हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). ग्लू डोळ्याच्या वरच्या दोरीत झिरपला तर ती तिथे कडक होते आणि तिथेच तुटते.

सुरमईप्रेमी
वायरने चाल थोडी मरते, मंद जिगिंगला जास्त. तळावर वायर नकोच. मधल्या पाण्यात जलद ओढताना मात्र १० ते १५ सेंमी वायर लावा, ४० ते ६० पौंडांची. वरच्या टोकाला छोटं स्विव्हल (पीळ काढणारी फिरती कडी), त्याला लीडर. खालचं टोक सॉलिड रिंगला.

सुरमई असिस्टची दोरीसुद्धा कापते, त्यामुळे नुसती लीडरला वायर पुरत नाही. असिस्टही वायरचा घ्या. सुरमई मागून येऊन भक्ष्याची शेपूट तोडते, म्हणून मधल्या पाण्यात शेपटीला आखूड असिस्ट लावणं मला पटतं. अट एकच: जिगमध्ये डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग तार हवी. स्वस्त जिगमध्ये डोळा नुसता शिशात रोवलेला असतो, तो उपटून येतो.

खडपावरचा
म्हणजे तळाची आणि सुरमईची जिग वेगळी बांधून ठेवतो. जलद ओढताना ब्रेडला पीळ पडतो, त्याचं काय?

दर्यावाट
त्या जिगवर सॉलिड रिंगच्या जागी बॉल बेअरिंग स्विव्हल घाला, दोन्ही कड्या वेल्ड केलेल्या, किमान १३० पौंड. वरच्या कडीला वायर, खालच्या कडीला असिस्ट आणि स्प्लिट रिंग. मग वायरच्या वरच्या टोकाला वेगळं स्विव्हल नको, लीडरसाठी साधी सॉलिड रिंग पुरते.

निघण्यापूर्वी हूक खिळ्याला अडकवून स्प्रिंगच्या काट्याने १० किलोपर्यंत ओढून बघा. ६ किलो ड्रॅगला तेवढं पुरे. प्रत्येक माशानंतर लीडरच्या शेवटच्या ३० सेंमीवर बोट फिरवा, खरखर लागली की तेवढा कापून गाठ नव्याने बांधा. घरी आल्यावर असिस्ट गोड्या पाण्यात भिजत ठेवा. दोरीत मीठ राहिलं तर हूक हीट श्रिंकच्या आत गंजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.