डाळिंबाच्या रसातील टकीला आणि स्पार्कलिंग वाइन: फेस का टिकत नाही?

प्रश्न: सोलापुरातील घरी टकीला, डाळिंबाचा रस आणि नाशिकची स्पार्कलिंग वाइन शेकरमध्ये एकत्र हलवली, तर झाकण उडाले आणि पेल्यात बुडबुडाही उरला नाही. कृपया योग्य कृती सांगावी.

उत्तर १: वाइन शेकरमध्ये कधीही घालू नये, कारण हलवताच तिच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. ३० मिली पांढरी टकीला, २० मिली रस, १० मिली लिंबाचा रस आणि तेवढाच साखरेचा पाक बर्फासह हलवून गाळावा व त्यावर ९० मिली वाइन पेला तिरका धरून हळूच ओतावी.

उत्तर २: कृती उत्तम आहे, मात्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात, जेव्हा पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा वाइन ६ ते ८ अंशांपर्यंत थंड नसेल, तर कितीही जपून ओतली तरी फेस लगेच विरतो. पेलाही फ्रिजमध्ये ठेवावा. सांगोल्याकडची डाळिंबे मुळातच गोड असल्याने मी पाक निम्माच घालतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बाटली आताच फ्रिजमध्ये ठेवली.