बांबूचा स्पीकर घेतला म्हणजे पृथ्वी वाचली का?

तपकीरगल्ली
काल इथे एकाने लिहिलं, “सोलर पट्टीवाला बांबूचा ब्लूटूथ स्पीकर घेतला. वीज वाचते, मनाला टोचणी नाही. प्लॅस्टिकवाल्यांनी विचार करावा.” रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं.
आत सेल 2000 एमएएचचा, म्हणजे साडेसात वॉट-अवर. रोज पूर्ण चार्ज केला, गळती धरली, तरी वर्षाला तीन-साडेतीन युनिट. तेवढी वीज घरचा दोन किलोवॉटचा गीझर पावणेदोन तासांत खातो. यातून वाचवणार काय, कप्पाळ? खरा घोळ सेलचा. चार-पाचशे चार्जिंगनंतर तो दम टाकतो आणि यांचं खोकं गोंदाने बंद, एक स्क्रू नाही! मागच्या महिन्यात असंच एक दुरुस्तीला आलं. सुरीचं टोक घातलं तर बांबूची चीर निघाली, आत सेल तळलेल्या पापडासारखा फुगलेला.

टोचणीवाला
तो मीच. पृथ्वी वाचवली असं कुठे लिहिलंय? प्रत्येकाच्या खरेदीत खोट काढायची ही पुणेरी हौस. मग काय, काहीच करू नये माणसाने? आणि सोलरबद्दल सोयीस्कर गप्प आहात.

तपकीरगल्ली
तळहाताएवढी पट्टी भर उन्हात फार तर एक वॉट देते. म्हणजे स्पीकर दिवसभर गच्चीवर. 45 अंशांच्या वर तापलेला लिथियम सेल चार्ज केलात की त्याचं आयुष्य तुम्हीच कापलंत.

अकोलेकर
आमच्याकडे मे महिन्यात गच्चीवर पापडच वाळवतात हो. दोन्ही एकदम होतील.

ठाणेकरीण
एवढा खल कशाला? मी फोन स्टीलच्या पातेल्यात ठेवते. पोळ्या होईपर्यंत ऐकू येतं. जादा वीज शून्य.

तपकीरगल्ली
पातेल्यात आवाज डब्यातल्यासारखा येतो, पण ताई, तुमचं तत्त्व बरोबर आहे: आवाज भांड्याच्या आकाराने वाढवायचा, विजेने नाही. छोट्या स्पीकरला शंभर वॉट द्या, एक वॉटही आवाज होत नाही, बाकी सगळी उष्णता. जत्रेतला भोंगा त्याच्या आकारामुळे तेवढ्याच विजेत कितीतरी पट आवाज काढतो. तीसेक वॉटचा अँप्लिफायर नि दोन भोंगे, अख्खं गाव जागं!

डोंगरभटक्या
भोंग्याचं नाव काढलंत म्हणून. हे ‘पोर्टेबल’ स्पीकर जातात कुठे? गडावर! राजगडावर पद्मावती माचीला मुक्काम होता. पहाटे पाचला शेजारच्या तंबूतून ढिंच्याक सुरू. सांगायला गेलो तर “काका, एंजॉय करा.” तोही पर्यावरणपूरकच असेल बहुतेक.

नाशिकचा_पोर
गड काय तुमच्या एकट्याचा? तुमचं ट्रेकिंग म्हणजे सेल्फी आणि मॅगी, आणि आमच्या गाण्याचाच त्रास.

डोंगरभटक्या
मॅगीची पाकिटं मीच खाली आणतो रे बाळा. तू कधी काय आणलंस?

सातारकर
आणि गणपतीतला डीजे? तिथे कुणाचं तोंड उघडत नाही. रात्री दहाची मर्यादा 2000 सालापासून आहे, आमच्या गल्लीत अजून पोचायची आहे. बाबांचं बायपास झालेलं, भांड्यांच्या मांडणीतल्या वाट्या थडथडत होत्या. त्यावर बोला, बांबूचं नंतर बघू.

नाशिकचा_पोर
मिरवणूक वर्षातून एकदा असते.

सातारकर
बायपासही एकदाच होतं.

टोचणीवाला
धागा माझ्यावर होता ना? कुठून कुठे नेलात.

तपकीरगल्ली
फार लांब नाही गेलेला. दहा डेसिबल चढवायला वीज दहापट लागते, आणि कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. तेव्हा विजेचा हिशेब डोंगरभटक्यांच्या तक्रारीतच आहे. तुमचा स्पीकर हळू लावत असाल तर तेवढं पुण्य घ्या. युरोपात फेब्रुवारी 2027 पासून असल्या वस्तूंचे सेल गिऱ्हाइकाला बदलता आले पाहिजेत असा कायदा लागू होतोय. तोवर घेताना स्क्रू बघा.

टोचणीवाला
महाराज, आत्ताच उलटा करून पाहिला. तळाला रबराचे चार पाय आहेत. त्यांच्याखाली स्क्रू निघाले तर फोटो टाकतो. नाही निघाले तर मी या धाग्यावर आलोच नव्हतो.