मदत हवी आहे : गावच्या रस्त्यावर नवा डांबरी थर पडणार आहे, आधी काय मागून घ्यावं?

बागाईतदार

नमस्कार मंडळी. आमचं गाव निफाड तालुक्यात. गावातून पिंपळगाव बसवंतच्या बाजूला निघणारा पाचेक किलोमीटरचा रस्ता आहे. पावसाळा उघडला की त्यावर नवीन थर टाकणार, असं सरपंचांनी ग्रामसभेत सांगितलं आणि तिथेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, रस्त्याला खड्डे मोजून चार, तोच पैसा मळ्यातल्या शिवरस्त्याला द्या. दुसरा म्हणतो, डांबराचं नावच काढू नका, काँक्रीट करा.

माझी काळजी तिसरीच आहे. मागच्या वेळी कारपेट, म्हणजे डांबर-खडीचा पातळ थर, झालं तेव्हा रस्ता वर आला आणि साइडपट्टी होती तिथेच राहिली. कडेला चांगली चार बोटं उतरण झाली. माझा चुलतभाऊ रात्री बागेला पाणी भरून मोटारसायकलवर येत होता. समोरून टोमॅटोची पिकअप आली, लाइट डोळ्यावर, म्हणून हा खाली उतरला. परत वर घेताना पुढचं चाक कडेला घासत गेलं आणि गाडी आडवी. खांद्याचं हाड मोडलं. ऐन छाटणीत तीन महिने घरी. रस्ता खराब होता म्हणून पडला असता तर समजलं असतं, हा रस्ता नवाकोरा होता!

तर विचारायचं असं की बऱ्या रस्त्यावर थर टाकण्यात खरंच अर्थ असतो का, आणि साइडपट्टीचं काम त्यातच करून घ्यायला कुणाकडे जायचं? मी बीए झालेला शेतकरी आहे, काम चालू असताना माझ्यासारख्याला काय तपासता येईल तेही सांगा.

डांबरट

तीस वर्षं रस्त्यांवर काढली, आता निवृत्त. आयडीवर जाऊ नका, घरच्यांनी ठेवलेलं नाव आहे.

पहिल्या तटाला सांगा की थर टाकायची वेळ हीच. डांबर उन्हानं आणि हवेनं म्हातारं होतं. काळं होतं ते करडं दिसायला लागतं, ताठ होतं, केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून पाणी खाली खडीत उतरतं आणि तुमच्याकडे तर खाली काळी माती. ती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आटते. वरून कांद्याच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. एकदा तळ हलला की वरून कितीही डांबर ओता, दुसऱ्या पावसात तेच. तळ शाबूत असेपर्यंत वर पातळ थर देऊन पाणी अडवणं स्वस्त पडतं. खड्डे पडायची वाट बघितली की रस्ता उकरून खालपासून करावा लागतो.

फक्त एक पाहा. मगरीच्या पाठीसारख्या चौकटी-चौकटीच्या भेगा जिथे असतील तिथे तळ गेलेला आहे. तेवढा तुकडा खोदून, खडी भरून, दाबून घेतल्याशिवाय त्यावर थर टाकू देऊ नका. काँक्रीटवाल्यांना म्हणावं, गावठाणात जिथे सांडपाणी रस्त्यावर येतं तिथे जरूर मागा. पाच किलोमीटर मळ्यातून काँक्रीट मागत बसलात तर दहा वर्षं मागतच बसाल.

आता तुमचा खरा मुद्दा. कारपेट 20 मिमीचंच असतं. चार बोटं उतरण म्हणजे थर चढत गेले आणि साइडपट्टीला हात लागलाच नाही, शिवाय तिथला मुरूम पावसानं धुऊन नेला. अंदाजपत्रकात 'साइडपट्टी मुरूम भरून, पाणी मारून, दाबून घेणे' ही बाब आहे का ते आधी विचारा. नसेल तर काम सुरू व्हायच्या आत घालून घ्या, नंतर कुणी ओळखही दाखवत नाही. नुसता मुरूम पसरून गेले तर समजा पहिल्या वळवात वाहून जाणार, रोलर फिरलाच पाहिजे. प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकामकडे असतो, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. तुमचा कुठला ते ग्रामपंचायतीत विचारा आणि ग्रामसभेचा ठराव करूनच शाखा अभियंत्याकडे जा. एकट्याचा अर्ज आणि ठराव यात फरक पडतो.

काम चालू असताना:
रस्ता झाडून धूळ काढली का ते बघा. धुळीवर डांबर चिकटत नाही, पापुद्र्यासारखं निघतं. मग टॅक कोट मारतात, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून पातळ डांबराचा फवारा. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, असेल तर मारताना तपकिरी दिसतं, फुटलं म्हणजे डांबर पाण्यापासून वेगळं झालं की काळं पडतं. तपकिरी असतानाच वर माल टाकायला लागले तर थांबवा. माल टाकताना 140 अंशांच्या वर गरम हवा आणि 90 च्या खाली जायच्या आत रोलिंग संपलं पाहिजे. थर्मामीटर साइटवर असतो, दाखवा म्हणायचं. डंपर लांबून ताडपत्रीशिवाय आला असेल तर न मोजताही कळतं, मालाच्या गुठळ्या झालेल्या असतात.

सिन्नरकर

डांबरटरावांच्या प्रतिसादात थोडी भर. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यात नुसते कागद मागायचा हक्क नाही, कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही आहे. हे फार थोड्यांना माहीत असतं. दहा रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रक आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची मुदत, किती ते मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून आत्ताच टाका. आणि भांडणाच्या सुरात जाऊ नका, आमच्याकडे तसं गेलो आणि काम दुसऱ्याच गावाला गेलं.

गोदाकाठची

माहेर पंचवटी, सध्या अमेरिकेत. इकडे गावाकडच्या रस्त्यांवर नवीन थर टाकताना डांबराची कड सरळ तुटलेली ठेवत नाहीत, पेव्हरला, म्हणजे डांबराचा थर पसरणाऱ्या यंत्राला, एक जोड लावून 30 अंशांत तिरकी दाबून घेतात. सेफ्टी एज म्हणतात त्याला. माती खाली गेली तरी चाक घासत न बसता तिरक्या कडेवरून वर चढतं. तुमच्या भावाचं वाचून तेच आठवलं. आपल्याकडे करतात का माहीत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

डांबरट

विचारा, पण त्याच्या भरवशावर साइडपट्टी सोडू नका. बरं, बागाईतदार, एक सांगा. रस्त्याकडेची चर कुठे आहे? तुम्ही एवढं लिहिलंत, तिचा उल्लेखच नाही. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात. पावसाच्या भागात अडीच टक्के उतार, म्हणजे पावणेचार मीटरच्या रस्त्याला मधोमध जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर. तेवढ्यानं पाणी कडेला येतं, पण पुढे जायला चर नसेल तर ते साइडपट्टीतच मुरणार. मुरूम वाहून जातो तो असाच.

बागाईतदार

सगळ्यांचे आभार. दादा, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. आज सकाळी दूधवाल्याबरोबर सगळा रस्ता पायी फिरलो. चर होती. जागोजागी मळ्यात ट्रॅक्टर घालायला आम्हीच माती टाकून बुजवली आहे. एकवीस जागा मोजल्या, पाइप फक्त दोन ठिकाणी. एकविसातली एक माझी. चुलतभाऊ पडला ती जागा माझ्या बांधापासून शंभर पावलांवर, आणि पाणी अडून साइडपट्टी खचली आहे ती नेमकी तिथे.

ग्रामसभेत हे बोललो तर उरलेले वीस जण काय म्हणतील ते दिसतंच आहे. आधी माझी मोकळी करतो, मग तोंड उघडतो. पाइप किती मिमीचा टाकू?

डांबरट

600 चा सिमेंट पाइप टाका. त्याहून लहान घेतलात तर गाळ काढायला फावडं आत जात नाही आणि दोन पावसात परत बुजतो. पाइप चरीच्या तळाला बसवा, वर नाही. टाकायच्या आधी शाखा अभियंत्याला दाखवून घ्या, नाहीतर चर खोल करताना तुमचाच पाइप पहिला उखडतील. आणि फोटो काढून ठेवा, आधीचा आणि नंतरचा. ग्रामसभेत तोच उपयोगी पडेल.