कॉन्ट्रिब्युटरला मराठीत काय म्हणाल? आणि मेंटेनरला?

मालवण : आम्ही सात-आठ जण मिळून भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं एक छोटं अॅप चालवतो, ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, कोणीही यावं आणि काम करावं. नवीन येणाऱ्यांसाठी मराठीत सूचना लिहायला घेतल्या आणि पहिल्याच ओळीला अडकलो. कॉन्ट्रिब्युटरला, म्हणजे बदल पाठवणाऱ्याला, 'योगदानकर्ता' लिहिलं तर आमच्यातलीच एक म्हणाली, शाल-श्रीफळ देताय की काय मला? 'स्वयंसेवक' म्हटलं की गणपतीत बिल्ला लावून गर्दी आवरणारा पोरगा दिसतो. आणि मेंटेनरला, म्हणजे आलेले बदल बघून घेणाऱ्याला, 'देखभालकर्ता' म्हटलं तर लिफ्ट दुरुस्त करणारा वाटतो. तोंडात बसेल असं काहीतरी सुचवा.

गुहागर : 'सावड' चालेल ना. लावणीला आज आम्ही तुमच्याकडे, उद्या तुम्ही आमच्याकडे.

मालवण : शब्द गोड आहे पण सावडीत परतफेड ठरलेली असते हो. इथे कोण कुठला माणूस रात्री दोन वाजता येऊन एक चूक सुधारून जातो, परत कधी दिसत पण नाही, त्याच्या शेतावर मी कधी जायचं?

देवगड : अरे मगे रापण आसा ना! दोरी ओढूक जो येता तेका वाटो गावता, म्हातारो असो नायतर शाळेतलो पोर. तुझो तो कॉन्ट्रिब्युटर म्हणजे 'वाटेकरी'.

मालवण : हे आवडलं. रापणीचं जाळं होडीतून गोल टाकून येतात आणि मग दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, तिथे थोडा वेळ हात लावला तरी चालतं. आमचं पण तसंच, कोणी कोड लिहितं, कोणी नुसतं "वेंगुर्ल्याची वेळ चुकत्येय" एवढं कळवतं, ते पण ओढणंच झालं.

रत्नागिरी : वाटेकरी नको राव. आमच्या सातबाऱ्यावर चाळीस वाटेकरी आहेत आणि आंब्याचं एक कलम तोडायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात. तुमचा प्रोजेक्ट तिथेच बसेल. साधं 'हातभार लावणारे' म्हणा की.

देवगड : सह्या तेंच्याकडे पण असतत! लिनक्सात, त्या मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टात, २००४ पासून प्रत्येक बदलाखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' लिवचा लागता.

रत्नागिरी : ती सही "हे द्यायचा मला हक्क आहे" एवढंच सांगते, हिस्सा मागत नाही. फरक आहे.

वेंगुर्ला : मेंटेनर म्हणजे सरळ 'तांडेल'. कुठे जाळं टाकायचं, कधी माघारी फिरायचं ते तोच ठरवतो. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, तर कुठला भाग कोणाच्या ताब्यात याची आख्खी फाइलच आहे, म्हणजे तांडेलांची यादी.

मालवण : पण तांडेलाचा हुकूम चालतो, खलाशी त्याचं ऐकतात. मी कोणाला म्हणू शकतो, उद्या सकाळपर्यंत कर म्हणून? फुकट येणाऱ्याला विचारायचं असतं, "जमेल का रे", आणि गप्प बसायचं. माझं खरं काम निवडण्याचं आहे, आलेला माल पसरायचा, बांगडा वेगळा, कचरा वेगळा. ट्रायज म्हणतात ते हेच. त्याला आम्ही 'निवडणं'च म्हणतो, तांदूळ निवडतो तसं.

वेंगुर्ला : आणि ऑक्टोबरात उधाण येतं ते! २०२० ला हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्सला बदल पाठवायच्या मोहिमेत, टीशर्टसाठी लोकांनी नुसती एखादी ओळ बदलून इतका कचरा पाठवला की महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले, ज्या प्रोजेक्टला हवंय त्यांनीच भाग घ्यायचा म्हणून. नोव्हेंबरात परत भांग, म्हणजे भरती मंद.

गुहागर : तांडेल शब्द मला त्यातल्या एकटेपणासाठी पटतो. एक्सझेडचं, त्या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरचं, झालं ना, मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलं ते. एकच थकलेला मेंटेनर, बाकीची खाती त्याच्या मागे लागलेली, दुसरा माणूस घे, दुसरा माणूस घे. जिया टॅन नावाने जो कोणी होता त्याने दोनेक वर्षं नीट काम करून विश्वास मिळवला आणि मग आत चोरदरवाजा ठेवला. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला लॉगिन अर्धा सेकंद हळू वाटलं म्हणून सापडलं. होडी कोणाच्या हातात देतोय ते बघायला लागतं.

मालवण : हो. म्हणून 'तांडेल' ठेवतो, हुकमाचा अर्थ सोडून. आणि मर्जला 'विलीनीकरण' कोणीतरी सुचवलेलं, ते मी खोडलं, सावंतवाडी संस्थान आहे का ते! "तुझा बदल घेतला" एवढंच लिहितो. फोर्कला, म्हणजे तोच कोड घेऊन कोणी स्वतंत्र प्रोजेक्ट काढला तर, 'वेगळी चूल'.

रत्नागिरी : आणि न घेतलेल्याला? 'नाकारला' वाचलं की पोरं परत येत नाहीत, मी स्वतः एकदा तसा गेलो तो गेलोच.

मालवण : "सध्या बाजूला ठेवला, कारण खाली लिहिलंय" असं लिहितो. कारण दोन ओळींचं का असेना, पण द्यायचंच. पण महिनोन्‌महिने कोणी न बघितलेल्या बदलावर बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, 'स्टेल' चिकटवतो, त्याला 'शिळा' म्हणवत नाही.

देवगड : सुकत घातलो म्हण. सुकट पावसात उपयोगी पडता.